लोकरीची तार

एडिंबरा,
८ डिसेंबर

तीर्थरूप बाबांच्या चरणी साष्टांग नमस्कार, आईसही तोच. विनंती विशेष.

दारावर हॉलीच्या काटेरी पानांची माळ टांगून आणि दुपारी पावणेचार वाजण्यापूर्वीच दफ्तर आवरून निघून जाणाऱ्या येथील सूर्यनारायणास रोज निरोप देऊन आम्ही तिघेही सुखरूप आहोत. या पत्राच्या मागेपुढे, टपालखात्याची मर्जी असेल त्याप्रमाणे, आपणास एक पुडके पोचेल. त्यात आपल्यासाठी राखी रंगाचा एक मफलर आणि आईसाठी चिमीने केलेला एक कागदी कंदील आहे. पुडक्यावर चिकटवावयाच्या जकातीच्या फॉर्मात वस्तूचे नाव, वजन आणि किंमत असे रकाने होते. ते मी एखाद्या बारनिशी कारकुनाच्या काटेकोरपणाने 'लोकरी मफलर, नग एक' असे भरले. परंतु मफलरात मजकूरही आहे ही बाब कोणत्याच रकान्यात बसेना, म्हणून ती सरकारदरबारी जाहीर करण्याची राहून गेली. आपणापुढे ती जाहीर करतो. आपली सारी नोकरी तारखात्यात गेली असल्यामुळे, मफलर हाती येताच तो गळ्याभोवती गुंडाळण्याची घाई न करता, प्रथम मांडीवर पसरावा आणि उजव्या हाताची तर्जनी त्यावरून डावीकडून उजवीकडे हलकेच फिरवावी. बोटाला जे बारीक खडे लागतील ते लोकरीचे दोष नव्हेत. ते आपले जुने कट्ट-कडकट्ट आहे.

दांडगाईने तक्रार करण्याचा येथील लोकांचा स्वभाव नाही, आणि या मफलराचा उगम त्या स्वभावातच आहे. आमची इमारत म्हणजे एक दगडी चाळच समजा. जिना सामाईक, तो झाडण्याची पाळी सामाईक, आणि जमीन लाकडी फळ्यांची असल्यामुळे वरच्या बिऱ्हाडाचा आवाजही खालच्या बिऱ्हाडास सामाईक. खालच्या मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहतात. गेल्या नाताळात त्यांनी मला स्वतः विणलेल्या मोज्यांचा एक जोड दिला आणि तो मी पुढे अकरा महिने, येणाऱ्याजाणाऱ्यास कौतुकाने दाखवीत, अखंड वापरला. गेल्या महिन्यात मोजे उलटे करून वाळत घालताना सौ.च्या ध्यानात आले की, घोट्यावर दुमडल्या जाणाऱ्या पट्टीत मधूनमधून काही टाके उलट पडलेले असून त्यांत काहीतरी क्रम आहे. मी पडलो आपला मुलगा; जेवणाच्या ताटावर चमच्याने वाजविलेली मोर्सची बाराखडी मी शाळेतील बाराखडीच्या आधी शिकलो. (आपण तीस वर्षे वाटीवर वाजवीत असलेले 'मीठ कमी' हे आई अद्यापही आपल्या बोटांचा चाळा समजते, हे मी आजवर कोणास सांगितलेले नाही.) पाचच मिनिटांत दोन पायांवर अर्धा अर्धा वाटलेला इंग्रजी मजकूर उलगडला : 'मिक्सर, कृपया, सातनंतर.' म्हणजे रोज पहाटे साडेपाचला खोबऱ्याची चटणी वाटताना मी त्या बाईंचा तक्रारअर्ज पायांत घालून त्यांच्याच डोक्यावर उभा होतो! बेसनाचे लाडू घेऊन क्षमा मागावयास खाली गेलो, तेव्हा त्या किंचितही ओशाळल्या नाहीत. त्यांचे वडील जहाजावर बिनतारी यंत्र चालवीत असत, त्यामुळे ही विद्या त्यांच्याही घरचीच. त्या म्हणाल्या, 'तुम्हांला तक्रार सापडली नसती, तरी पाय उबदार राहिलेच असते.'

नाताळ हा येथील पूर्वापार मोठा सण असावा अशी माझी समजूत होती. तीही त्या बैठकीत आजीबाईंनी मोडीत काढली. धर्मसुधारकांच्या कडव्या शिस्तीमुळे स्कॉटलंडात हा दिवस कित्येक पिढ्या कामाचाच राहिला आणि त्याची सार्वजनिक सुटी मिळावयास १९५८ साल उजाडले. नाताळची कार्डे धाडण्याची रीतही तशी अलीकडचीच : १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल नामक कामसू गृहस्थास सर्वांना पत्रे लिहावयास सवड होईना, म्हणून त्याने एक चित्र काढवून त्याच्या हजारभर प्रती छापून घेतल्या. तेव्हापासून, आजीबाईंच्या मते, माणसे एकमेकांना काहीही न कळवता शुभेच्छा देऊ लागली; हाताने केलेल्या वस्तूत दोन शब्द दडवून ठेवणे हा त्यांनी त्यावर शोधलेला तोडगा. विणकामात मजकूर दडविण्याची कल्पना मात्र बरीच जुनी आहे. डिकन्सच्या १८५९ सालच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज' या कादंबरीत एक बाई शत्रूंची यादी विणीतच नोंदवीत बसते. कादंबरी सोडली तरी, १९४४ च्या मे महिन्यात हवाई छत्रीने नॉर्मंडीत उतरलेली फिलिस लाटूर ही ब्रिटिश हेर आपली सांकेतिक कोष्टके रेशमावर उतरवून ती विणकामाच्या सुईस गुंडाळून बाळगीत असे. आणि त्याच युद्धात अमेरिकेच्या सेन्सॉर खात्याने परदेशी टपालातून शब्दकोडी, पत्रोपत्री खेळले जाणारे बुद्धिबळाचे डाव आणि विणकामाचे नमुने यांना मज्जाव केला होता. हे ऐकून माझा स्वदेशाभिमान साहजिकच जागृत झाला. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके कुलूपबंद ठेवले होते, हे मी त्यांना सांगितले. आणि मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचताना एकात ओठांनी उच्चारावयाची अक्षरेच वर्ज्य केली, तर दुसऱ्यात 'श्रीराम जयराम जयजयराम' हा मंत्र अक्षरशः ओवून ठेवला, जेणेकरून आडवे वाचणाऱ्यास कथा मिळावी आणि अक्षरे वेचणाऱ्यास जप, हेही सांगितले. आजीबाईंनी लाडवाचा दुसरा घास घेतला आणि सौ.कडे वळून विचारले, 'तुला उलट टाका येतो का?'

घेतला वसा टाकावयाचा नाही अशा निर्धाराने सौ. दर गुरुवारी संध्याकाळी सुया घेऊन खाली जाऊ लागली. मजकूर ठरविण्यास वेळ लागला नाही. गेली सहा वर्षे आम्ही आपणास येथे बोलावीत आहोत आणि गेली सहा वर्षे आपण कधी गुडघे, कधी तुळशीचे पाणी, तर कधी नोव्हेंबरातील हयातीचा दाखला अशी कारणे दाखवीत आहात. तेव्हा 'बाबा या' एवढेच शब्द, परंतु रोमन लिपीत आणि मोर्सच्या खुणांनी, मफलरभर पुन्हापुन्हा विणावयाचे असे ठरले. सपाट सुलट विणीवर एक उलट टाका म्हणजे टिंब, लागोपाठ तीन उलट टाके म्हणजे रेघ. दोन खुणांमध्ये एक सुलट टाका, दोन अक्षरांमध्ये तीन आणि दोन शब्दांमध्ये सात, हा हिशेब तर आपल्या खात्याचाच आहे. या मापाने 'बी' अक्षरास नऊ टाके, 'ए'स पाच, 'वाय'ला तेरा. सबंध मजकुरास पासष्ट आणि दोन्ही काठांना चार चार धरून एकूण त्र्याहत्तर टाके सुईवर घातले. पहिला नमुना विणून झाला, मी मोठ्या उत्साहाने त्यावरून बोट फिरविले, आणि वाचले : 'एन क्यू, एन व्ही एन व्ही.' एखाद्या सरकारी परिपत्रकाचा जावक क्रमांक असावा तसे! बराच काथ्याकूट केल्यावर उलगडा झाला की, विणणारी बाई सुलट बाजूची ओळ फारसी लिहिल्याप्रमाणे उजवीकडून डावीकडे विणत जाते आणि वाचणारा ती मराठीप्रमाणे डावीकडून वाचतो. सबब मजकूर शेपटाकडून विणावयास घ्यावा लागतो. नमुना उसवला. लोकर शेटलंडची होती. तिने तो अपमान निमूटपणे गिळला.

ऊब देणे हे मफलराचे उघड कर्तव्य आहे आणि ते तो चोख बजावील. गुप्त कर्तव्यात मात्र घोटाळा झाला आहे, आणि तो लपविण्यात अर्थ नाही, कारण आपल्या बोटाला तो पहिल्याच ओळीत कळेल. पुडके बांधण्याच्या आदल्या रात्री मी मफलर अखेरचा तपासला. 'बी' म्हणजे एक रेघ आणि तीन टिंबे. येथे प्रत्येक ठिकाणी टिंबे दोनच. एक रेघ आणि दोन टिंबे म्हणजे 'डी'. तात्पर्य, राखी लोकरीचा तो सबंध मफलर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत 'दादा या', 'दादा या' असा घोष करीत आहे. आता आपल्या वाड्यात लहानथोर सर्वजण दादा म्हणतात ते कोणास, हे मी आपणास सांगावयास नको. आपले ज्येष्ठ बंधू, सेवानिवृत्त स्टेशनमास्तर, ज्यांच्याशी आपण परसातील चिंचेखालच्या साडेतीन हात जागेवरून गेली अकरा वर्षे अबोला धरून आहात. वाटणीपत्र, मोजणीचा नकाशा, हरकतीचे अर्ज आणि त्यांवरील हरकती मिळून त्या जागेवर कागदच इतके जमले आहेत की, अंथरले असता जागा पुरावयाची नाही. मधल्या भिंतीवर रात्री नऊच्या सुमारास, अलीकडून तारमास्तर आणि पलीकडून स्टेशनमास्तर, बोटांच्या पेरांनी दिवसभराच्या बातम्या ठोकीत असत, ते मी अंथरुणात पडून ऐकत असे. मिरजेची गाडी किती उशिरा आली हे मला वर्तमानपत्राच्या आधी कळे. असो. मी सौ.चा जबाब घेतला. मजकुराचे चार टाके कमी भरल्यामुळे एक काठ चारचा आणि दुसरा आठचा झाला आहे, तो तिच्यासारख्या भरतकामवालीस दिसला कसा नाही, असे विचारले. ती म्हणाली, 'विणताना मन दुसरीकडे होते.' मी म्हणालो, 'चाळीस ओळी, दर ओळीत दोन, म्हणजे ऐंशी टिंबे गहाळ आहेत. ऐंशी वेळा?' ती म्हणाली, 'बराच वेळ दुसरीकडे होते.' जी स्त्री गेल्या बारा वर्षांत फोडणीत मोहरीचा एक दाणा कमीजास्त पडू देत नाही, तिच्या हातून एकच चूक ऐंशी वेळा होते, तेव्हा तिला चूक म्हणावे की धोरण, हे मला ठरविता आले नाही.

नऊ वर्षांच्या चिमीचे धोरण त्या मानाने सरळ आहे. तिने आईच्या कंदिलाच्या झिरमिळ्यांवर लिंबाच्या रसाने काहीतरी लिहिले आहे. रस वाळला की कागद अगदी भोळा दिसतो, आणि उष्णता लागली की अक्षरे तपकिरी होऊन वर येतात. आपल्याकडील कंदिलात आता तो थंड पांढरा दिवा लावतात, त्याने कार्यभाग होणार नाही; आईने झिरमिळ्या तापलेल्या तव्यापासून चार बोटे वर धराव्यात, अधिक जवळ नेऊ नयेत. सेन्सॉर खात्याचे अधिकार हाती घेऊन मी एक झिरमिळी इस्त्रीखाली तपासली. तिच्यावर 'बाबा चहात अजून दोन चमचे साखर घालतात' असे लिहून खाली 'तुझी हेर' अशी सही होती. आईला मी गेल्या दिवाळीत फोनवर काय वचन दिले होते ते आपणास ठाऊकच आहे. ती झिरमिळी मी जप्त केली. इतर अकरांवर काय आहे, देव जाणे.

या सर्व प्रकरणाचा निकाल आता आपल्या कचेरीत व्हावयाचा आहे. मफलर उसवून पुन्हा विणावयास सवड नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर आजीबाईंनी मला त्यास हात लावू दिला नाही. आपल्याच मुखातून मी लहानपणी ऐकले आहे की, तारेतील मजकूर बदलण्याचा अधिकार तारमास्तरास नाही, मग तो पटो अगर न पटो. आणि तार ज्याच्या नावाची, त्याच्याच हाती पडली पाहिजे. त्या न्यायाने हा मफलर कोणत्या गळ्याचा, हे ठरविताना आपण भाऊबंदकीचा नव्हे, तर खात्याचा नियम लावावा. आपल्या नावाचा, तिन्ही टिंबे शाबूत असलेला दुसरा मफलर सौ.ने विणून ठेवला आहे. परंतु तो टपालाने यावयाचा नाही, येथे येऊन सहीनिशी ताब्यात घ्यावयाचा आहे. आपण वाई सोडलीत, तर मागे चिंचेखाली कोणी कुंपण घालील, ही आपली धास्ती मी जाणून आहे. हयातीचा दाखला हे केवळ निमित्त. परंतु कुंपण घालणारा माणूसच जर आपल्या शेजारच्या आसनावर बसून विमानातील बेचव उपमा खात असेल, तर कुंपण कोण घालणार? येथे जागा पुष्कळ आहे आणि मिक्सर आता सातनंतर लागतो. हे पत्र आडवे वाचून झाल्यावर, मायना आणि सही तेवढी सोडून, परिच्छेदांच्या डाव्या कडेने वरून खाली एकदा उभेही वाचावे, एवढी विनंती.

आपला आज्ञाधारक,
बाळू