खानदानी मळ

नवं कपाट नवं दिसणं ही आता जरा कमीपणाची गोष्ट झाली आहे. पूर्वी कोणाकडे नवं कपाट आलं की शेजारीपाजारी येऊन त्याच्या चकचकीत दारात बघून भांग नीट करून जायचे. आता तेच लोक येतात, दारावरून बोट फिरवतात आणि हळू आवाजात विचारतात, "प्लेनच ठेवलंत?" आजारी माणसाच्या घरी गेल्यावर "खातायत का काही?" असं ज्या सुरात विचारतात, अगदी तोच सूर.

या प्रश्नावर उपाय म्हणून ग्लेझ करतात.

ग्लेझ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी माझ्या आईला विचारू नये. ती एका शब्दात सांगते, आणि तो शब्द 'मळ' हा आहे. तांत्रिकदृष्ट्या ती फारशी चुकत नाही. कपाटाला आधी रंग द्यायचा किंवा स्टेन लावायचा. त्यावर सीलरचा हात. तो कडक वाळला की वरून पातळ, पारदर्शक, बहुधा तपकिरी रंग सगळीकडे माखायचा आणि माखून झाला की लगेच पुसून टाकायचा. मोल्डिंगच्या खाचेत, चौकटीच्या कोपऱ्यात, नक्षीतल्या पाकळीखाली जो अडकून राहील, तो आपला. बाकीचा फडक्याचा. सीलर मात्र विसरायचा नाही. कोरं लाकूड दिसेल तो रंग पिऊन टाकतं, एका जागी जास्त, एका जागी कमी, आणि मग दारावर कोडासारखे डाग उठतात.

शिवाय ग्लेझला खाच लागते. सपाट दारावरून तो पुसला तर सगळाच जातो, आणि नाही पुसला तर दार नुसतं कळकट दिसतं. म्हणून पहिल्यांदा दारांना चौकटी करायच्या, त्यांना गोलाई, आत उतरती कड. थोडक्यात, मळ बसावा म्हणून आधी मळ बसेल असं दार बनवून घ्यायचं. आमच्या ओट्याखालची आधीची दारं सनमायक्याची होती. आईने ती हट्टाने सनमायक्याची करून घेतली होती, कारण त्यावर काही म्हणता काही बसत नाही. तिच्या पिढीची प्रगती ही. आमच्या पिढीने ती दारं काढून भंगारवाल्याला दिली.

हा प्रकार मूळचा चित्रकारांचा. व्हॅन आयकचं 1434 सालचं अर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्या काळातले फ्लेमिश चित्रकार तैलरंगाचे पातळ पारदर्शक थर एकावर एक चढवत. उजेड वरच्या थरातून आत शिरतो, खालच्या रंगावर आदळून परत बाहेर येतो, आणि रंग आतून उजळल्यासारखा वाटतो. फर्निचरवाल्यांनी यातला उजेड सोडून दिला आणि अंधार तेवढा घेतला. शंभर वर्षांच्या कपाटाच्या खाचांत जे साचतं ते एका दुपारी साचवून द्यायचं, हा त्यांचा शोध. काही कारागीर त्याही पुढे जातात. साखळीने लाकूड बडवून पोचे पाडतात. टोच्याने किडीची, म्हणजे बिनकिडीची, भोकं पाडतात. आणि शेवटी ब्रश काळ्या रंगात बुडवून बोटाने झटकतात. बारीक ठिपके उडतात. ते कसले, असं विचाराल तर माशांनी बसून केलेल्या घाणीचे. ही थट्टा नाही, या धंद्यातलं मान्यताप्राप्त काम आहे.

आमच्याकडे आलेले मिस्त्री मुळात फ्रेंच पॉलिशवाले. स्पिरिटमध्ये चपडी विरघळवायची, कापसाची गुंडी सुती कापडात बांधायची आणि तास न् तास लाकडावर फिरवत राहायचं, यात त्यांची जवानी गेलेली. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात, तिची ही चपडी. याच लाखेपासून 78 फेऱ्यांच्या तबकड्या होत. म्हणजे ज्या किड्यांनी आपल्या आजोबांचं लिहायचं टेबल चमकवलं, त्यांनीच बालगंधर्वांचा आवाजही घरोघर पोचवला. एवढी कामगिरी करून किड्यांचं नाव कुठेच नाही. असो. मिस्त्रींचं म्हणणं असं की पॉलिश लाकडाला स्वतःचा रंग देतं आणि ग्लेझ त्याला दुसऱ्याचं वय देतो. पण चौरस फुटाचा दर ग्लेझला जास्त मिळतो, त्यामुळे हे म्हणणं ते चहापुरतंच ठेवतात.

बोहरी आळीतून सामान आलं. जवसाचं तेल, टर्पेंटाईन, भाजलेल्या अंबर मातीचा गडद तपकिरी रंग. मिस्त्रींनी डब्यात ढवळून ते इतकं पातळ केलं की आई म्हणाली, "दुकानदाराने फसवलंय तुम्हाला." मग त्यांनी चौकट मारलेल्या एका फालतू फळीवर नमुना केला. आधी क्रीम रंग होताच. त्यावर ब्रशने ग्लेझ माखला, क्षणभर थांबले आणि मलमलीच्या फडक्याने लाकडाच्या रेषेबरोबर पुसला. चारही कोपऱ्यांत सारखी तपकिरी सावली राहिली. छान दिसत होतं. माझ्या बायकोने मोबाईलमधला फोटो काढून शेजारी धरला. डिट्टो.

आईने चष्मा लावला. फळी उजेडात नेली.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"आजी, खोटाच असतो हा," मिस्त्री म्हणाले.

"तसं नाही. चारी कोपऱ्यांत सारखं कसं बसेल? पुसणारी बाई उजव्या हाताने पुसते ना? तिचा हात उजव्या कोपऱ्यात नीट जातो. डावीकडे वळताना फडकं दुमडतं, तिथे राहतं. डावा कोपरा नेहमी काळा."

मिस्त्रींनी फळी परत हातात घेतली. मला वाटलं ते हसतील. पण कारागिराची नजर वेगळी असते. त्यांनी डावा कोपरा जरा गडद केला, उजवा फडक्याने हलका केला आणि फळी लांब धरली. जे दार आत्तापर्यंत दुकानातलं वाटत होतं ते एकदम कोणाच्या तरी घरातलं वाटायला लागलं.

मग आईला थांबवणं कोणाच्याच हातात राहिलं नाही. आयुष्यभर जिच्याशी वैर केलं त्या घाणीबद्दल तिला किती माहिती आहे याची आम्हाला कल्पना नव्हती, बहुधा तिलाही नव्हती. आडव्या पट्टीच्या वरच्या कडेवर जास्त बसतं, खालच्या कडेवर जवळजवळ नाहीच. मुठीभोवती तेलकट हात लागतात, पण तिथे रोज पुसलंही जातं, म्हणून तिथे गडद नको, झिजलेलं हवं. बिजागरीच्या बाजूला कोणीच जात नाही, तिथे हवा तेवढा घाला. जमिनीलगतच्या पट्टीला फरशी पुसण्याचं पाणी लागतं, तिथे वेगळं काळं येतं, जरा निळसर. गॅसच्या वरच्या कपाटाचा तळ... इथे तिने हात जोडले आणि पुढे काही बोलली नाही.

मिस्त्री एकेक दार घेत होते. जवसाच्या तेलामुळे ग्लेझ सावकाश वाळतो, म्हणून पुसायला वेळ मिळतो, पण तो वेळही अमर्याद नसतो. दार एका दमात पुरं करायचं. मध्येच चहाला थांबलं की जिथे थांबलो तिथे रेघ पडते. जास्त गडद झालंच तर फडक्याला टर्पेंटाईन लावून परत उजळता येतं. शेवटी कोरड्या ब्रशने कडा विरवायच्या, म्हणजे सावली कुठे संपली ते दिसत नाही. हे सगळं ते करत होते आणि आई मागे खुर्ची टाकून बसली होती, शाळेत तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाई बसतात त्या थाटात.

रंगावरून मात्र खटका उडाला. आईचं म्हणणं, स्वयंपाकघरातला मळ तपकिरी नसतोच. तो पिवळट असतो, चिकट असतो, त्यात फोडणी असते.

"आजी, शोरूममध्ये असाच तपकिरी असतो."

"शोरूममध्ये फोडणी देतात का?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी बायकोकडे बघितलं. बायकोने तपकिरीच ठेवायला सांगितला, आणि मला तिचं पटलं. शेवटी या कलेतही सभ्यतेची मर्यादा आहे. ग्लेझमध्ये दिसतो तो मळ युरोपातल्या एखाद्या हवेलीचा, मेणबत्त्यांचा, लायब्ररीचा असतो. त्याला मोहरीचा वास येता कामा नये. हळदीचे हात लागलेलं दार आपल्याकडे आधीच होतं, ते फुकट होतं, आणि नेमकं तेच झाकायला आपण दर दिवाळीला ऑईलपेंटचा डबा आणत होतो.

आईला हा निकाल मान्य नव्हता, पण तिने तो सोडून दिला. माशांच्या ठिपक्यांचं मात्र सोडलं नाही. मिस्त्रींनी ब्रश झटकण्याची गोष्ट उत्साहाने काढली आणि ते ठिपके कशाचे हे प्रामाणिकपणे सांगितलं. आई उभीच राहिली. "माझ्या स्वयंपाकघरात माशी?" डाव्या कोपऱ्यातला काळेपणा तिने स्वतः उभं राहून वाढवून घेतला होता, पण माशी म्हणजे थेट चारित्र्यावर डाग. ब्रश परत डब्यात गेला.

आणखी एक प्रसंग फडक्यांवरून घडला. काम झाल्यावर मिस्त्री तेलकट फडकी गॅलरीच्या कठड्यावर एकेक पसरून ठेवत. पसारा डोळ्यांना खुपतो म्हणून आईने ती गोळा केली, छान घट्ट बोळा केला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात घातला. मिस्त्री धावले. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला प्राणवायू घेतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. फडकं पसरलेलं असलं की ती उडून जाते. बोळा केला की आतच कोंडते, वाढत जाते, आणि काडी न लावता फडकं पेटू शकतं. म्हणून ती पसरून वाळवायची नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायची. आईने सगळं ऐकून घेतलं आणि फडकी बादलीत टाकली. वर म्हणाली, "म्हणजे घाण ठेवली तर सुंदर दिसतं आणि आवराआवर केली तर आग लागते. बरं जग आहे तुमचं."

ग्लेझ पूर्ण वाळेपर्यंत थांबावं लागलं. आत ओल राहिली आणि वरून लॅकर मारलं तर ते सुरकुततं, म्हणून मिस्त्रींनी घाई केली नाही. मग वरच्या पारदर्शक थराचे हात झाले आणि मळ कायमचा आत बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओलं फडकं घेऊन त्यावर तुटून पडली. आधी नुसतं पाणी, मग साबण, मग नखाला फडकं गुंडाळून खाचेत. काही निघालं नाही. ती मागे सरली आणि कपाटाकडे, मला वाटतं पहिल्यांदाच, आदराने बघितलं. आमच्या कामाच्या मावशींनी अजून तेवढा आदर दाखवलेला नाही. त्या रोज डाव्या कोपऱ्यापाशी थांबतात आणि "हे माझ्या आधीचं आहे हं वहिनी," असं बजावून पुढे जातात.

संध्याकाळी मिस्त्री बिल घेऊन आले. सीलरचा हात, रंगाचे हात, ग्लेझ लावणे, वरचा थर, असं खाली खाली उतरत गेलं होतं. आईने ते माझ्या हातून घेतलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय? 'पुसाई'?"

"लावणं वेगळं, पुसणं वेगळं, आजी. खरी मेहनत पुसण्यातच असते. चौरस फुटावर दर आहे त्याचा."

आईने कागद खाली ठेवला आणि हॉलच्या दिशेने आवाज दिला.

"अहो, ऐकलंत का? पुसायचे चौरस फुटावर पैसे असतात."

बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

"जीएसटी धरून की सोडून?"