दिल्लीची गाडी भातकुलीत आणण्याची शास्त्रोक्त पद्धत

अमरावतीजवळच्या भातकुलीत ओट्यावर बसून मोबाइलवर दिल्लीच्या जुन्या गाड्या पाहणाऱ्या आणि 'एवढ्याशा पैशात?' असं स्वतःशीच पुटपुटणाऱ्या सर्व सद्गृहस्थांसाठी हे मार्गदर्शन आहे. आमचे मामा त्यांतलेच. पुढचे बहुतेक नियम त्यांच्याच वागण्यातून सिद्ध झाले आहेत, काही सरळ, बरेचसे उलटे.

नियम १. स्वस्त का, हे आधी विचारावं.

दिल्लीत गाडी स्वस्त मिळते ती विकणाऱ्याची दानत मोठी म्हणून नव्हे. राष्ट्रीय हरित लवादानं २०१४-१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी घातली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम केलं. त्यामुळे आठ-नऊ वर्षांची धडधाकट डिझेल गाडी विकायची तिथल्या मालकाला घाई होत आली आहे. आपल्याकडे मात्र नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे तिच्यात अजून बरंच आयुष्य शिल्लक. हे झालं खरं कारण. 'सरजी, फौजी अफसर की गाड़ी है, तबादला हो गया' हे दुसरं. ते कानावर पडताच फोन ठेवावा. पैसे गेलेच असतील तर रडत न बसता १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावावा.

नियम २. दात मोजावेत.

मामा बैलबाजारात गेले की तो सोहळा पाहण्यासारखा असतो. आधी बैलाचा जबडा उघडणार. दोनदाती, चारदाती की जुळलेला ते ठरवणार. मग पाठीवर थाप, शेपटीला पीळ, चार पावलं चालवून खुरांवर नजर. नंतर रुमालाखाली बोटं धरून तासभर भाव. एवढं करून कित्येकदा रिकाम्या हातानं परत, कारण 'नजर बरी नोयती'. हाच माणूस हजारावर किलोमीटर लांबच्या गाडीचे फोटो पाहतो आणि जेवणाच्या ताटावरून उठायच्या आत वीस हजारांचं टोकन पाठवतो. मामींनी कारण विचारलं, तर म्हणाले, "चमकते ना बाप्पा." फोटोत सगळंच चमकतं.

गाडीलाही दात असतात. टायरच्या बाजूला कोरलेले चार आकडे पाहावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१६ ची, काटा तीस हजार किलोमीटर दाखवतो आणि टायर मात्र २०२१ चे, तर टायर इतक्या लवकर का बदलले हे विचारावं. क्लच आणि ब्रेकच्या पायपट्ट्यांचं रबर गुळगुळीत झालं असेल तर काट्यावर विश्वास ठेवू नये. काटा मागे फिरवता येतो, रबर पुन्हा उगवत नाही. व्हिडिओ कॉल लावून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायला सांगावा. वरचा वीतभर पट्टा सगळेच पुसतात. आतल्या वेटोळ्यात चिखलाची रेघ दिसली तर ती गाडी कुठल्यातरी पुरात पोहून आलेली आहे. आणि इंजिन सुरू करताना पाहायचं तर सकाळी, थंड असताना. दुपारी तापलेलं इंजिन कोणाचंही गोडच वाजतं.

नियम ३. तिथल्या एखाद्या त्रयस्थ मेकॅनिकला पैसे देऊन गाडी पाहायला पाठवावं. मामांना हा खर्च उधळपट्टी वाटला.

नियम ४. कागदांशी लग्न लावावं, गाडीशी नंतर.

गाडी परराज्यातून येत असेल तर तिथल्या आरटीओची ना-हरकत लागते. तो नमुना २८. मालकी बदलायला २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर बँकेनं सही-शिक्का केलेला ३५. हा ३५ सर्वांत लबाड. कर्ज फिटलेलं असतं, पण आरसी बुकावर बँकेचं नाव तसंच राहतं आणि विकणारा 'हो जाएगा सर' एवढंच म्हणत राहतो. अर्जावर चेसिस नंबरचा छाप लागतो. तो घ्यायची रीत अशी: नंबरवर कागद दाबून धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची. मामा गाडीखाली वाकले, चष्मा घसरून नाकावर आला, आणि पाच मिनिटांनी कागदावर तो नंबर उमटला तेव्हा त्यांनी तो मला असा दाखवला, जणू त्यांनीच कोरला होता.

ना-हरकत हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत. दिल्लीच्या डिझेल गाडीची मुदत संपत आली असेल तर हे आणखीच कसोशीनं पाळावं. मालकाला मिळालेला नो क्लेम बोनस मालकाबरोबरच जातो, गाडीबरोबर येत नाही. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा.

नियम ५. कर दोनदा भरण्याची मनाची तयारी ठेवावी.

गाडी इथं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवी नोंदणी घ्यावीच लागते, म्हणजे अमरावतीची एमएच २७. त्या वेळी महाराष्ट्राचा रस्ता कर भरायचा. तुम्ही केवढ्यात घेतली याला तिथं किंमत नसते, हिशेब गाडीची मूळ किंमत आणि वय पाहून होतो. डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त. दिल्लीत भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, असं कायदा म्हणतो. कायदा बोलतो छान.

नियम ६. आणताना फार कौतुक करू नये.

ट्रेलरवर आणावी, निदान वाटेत जेवायचा खर्च वाचतो. मामा मात्र स्वतः गेले, सोबतीला भाचा म्हणून मला नेलं. आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, सागर करत नागपूर आणि तिथून अमरावती. आता घरी वळायचं, तर यांनी गाडी अकोल्याच्या रस्त्याला घातली. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना या टप्प्यात साडेएकशेपाच तासांत ७५ किलोमीटरचं डांबरीकरण होऊन गिनीज विक्रम झाला होता. "दिल्लीवालीले दाखवू ना आपले रस्ते," म्हणाले. दाखवले. मग पावसात शेताकडच्या वाटेवर काळ्या मातीनं तिला चाकांपर्यंत धरून ठेवली, तेही तिनं पाहिलं. गाडी घेताना जमिनीपासून तिची उंची विचारावी, रंग नंतर.

नियम ७. रंग पांढराच घ्यावा. आपण पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात राहतो. बोअरच्या पाण्यानं काळी गाडी धुतली की वाळल्यावर तिच्यावर मिठाचे पांढरे ठिपके उमटतात. मामांची काळी आहे.

नियम ८. खरा भाव कोणालाही सांगू नये.

गाडी दारात उभी राहिली की नारळ फुटायच्या आत लोक जमतात. कोणी बोनेट उघडतो, कोणी दार आपटून पाहतो, आणि एक तरी म्हणतोच, "चांगली हाय, पन इतल्या दूरून आनाची काय गरज होती? बडनेऱ्यात नोयती का?" मग सगळे एका सुरात, "केवढ्यात पडली?" मामांनी प्रत्येकाला वेगळा आकडा सांगितला आणि प्रत्येक वेळी तो खाली आणला. शेवटचा आकडा इतका उतरला की ऐकणारा तिथंच हटून बसला: "भाऊ, मलेबी याच भावात पायजे. नंबर द्या."

मामांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा वर सरकवला आणि त्याला नंबर सांगितला. डीलरचा नाही, बडनेऱ्याच्या मेकॅनिकचा.