दोरीवाले तात्या

भाताच्या गावात एक तरी तात्या असतोच. कोकणात त्याची खूण म्हणजे रस्त्याकडेचं खाचर. तिथे भाताचे चूड पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर, कवायतीला उभ्या पोरांसारखे. रस्त्यावरून न दिसणाऱ्या खाचरांचं विचारू नये. तिथे बायका उलट्या चालत, हात पडेल तिथे रोप रोवतात.

आमच्या तात्यांच्या पडवीत कोनोवीडर टांगलेला असतो. दोन दातेरी शंकू, चिखलावरून सरकायला पुढे पत्रा आणि लांब दांडा. कोणी चहाला टेकलं की तात्या दांड्याला हात घालतात. "पुढे ढकला, मागे ओढा. तण चिखलात गाडलं जातं, त्याचंच खत. मुळांना हवा मिळते ती वेगळीच." हे सगळं खरं आहे, हीच पंचाईत. माणूस थापा मारत असता तर उठून जाता आलं असतं.

ठरावीक अंतरावर भात लावायच्या या श्री पद्धतीचा उगम ते आपल्या वाडीतला असल्यासारखा सांगतात. "मादागास्करचे फादर लोलानिए, 1983 साली..." मग गाडी 1953 च्या जपानी भातलागवड पद्धतीच्या मोहिमेवर येते. "तेव्हा बाबांनीही दोरी धरली होती!" बाबांनी ती पुढे का सोडली, हे सांगायच्या आत चहा संपतो.

खरी गंमत लावणीच्या दिवशी. रांग सरळ नसेल तर यंत्र चालणार कुठून? म्हणून तात्या खुणांची दोरी ताणून बांधावर उभे. पाऊस कोसळतोय, उक्तं काम घेतलेल्या बायकांना संध्याकाळच्या आत खाचर उरकायचंय, आणि तात्या ओरडतायत, "खुणेवर गो, खुणेवर!" एकीने इरल्यातूनच विचारलं, "तात्या, भात लावताव की घर आखताव?" तात्यांचं ठरलेलं वाक्य आलं, "यंत्र सोपं हो, माणसंच अवघड."

लावणीनंतर दहा-बारा दिवसांनी, तण कोवळं असताना पहिली फेरी मारायची, पाणी अगदी पातळ ठेवायचं. तात्यांना हे पाठ आहे. पण नेमकं त्याच आठवड्यात त्यांना कुठेतरी याच विषयावर बोलायला बोलावलेलं असतं. परत येईस्तोवर तण गुडघ्याला. मग ते शंकूला गुंडाळतं आणि तात्या दर चार पावलांवर वाकून ते उपटत बसतात.

त्यांच्या मागून काकी चालत असतात. चुडाला चिकटून उगवलेलं यंत्राला लागत नाही, ते त्या हाताने बेणतात. सावा तर कोवळेपणी हुबेहूब भात. काकी पान वाकवून बेचक्यात बघतात. भाताला तिथे पातळ जीभ असते, साव्याला नसते. उपटला की बांधावर. तात्यांच्या हिशेबात मात्र 'एक माणूस, एक यंत्र' एवढंच लिहिलेलं असतं. काकींना विचारलं तर म्हणतात, "कंबर निम्मी वाचते हो. पण ह्यांना नको सांगू, आणखी एक यंत्र आणतील."

तात्यांचं एक मानायला हवं. यंत्र मागेल त्याला देतात, भाडं नाही. अट एकच, चिखल धुऊन आणायचं. तरी न्यायला कोणी येत नसे. यंदा शेजारचा गणपत आला. यंत्र राहू दे म्हणाला, आधी दोरी द्या. तात्यांनी दोरी काढली, झटकली, खांद्यावर टाकली आणि चपला न घालताच त्याच्या पुढे चालू लागले.

"दोरी मी आणून दिली असती," गणपत मागून म्हणत होता, "तुम्ही कशाला तात्या?"