वऱ्हाडातली बिऱ्हाडं

एका देहात अनेक ‘मी’ नांदणारी माणसं दाखवायची, तर विज्ञानकथांचे लेखक आपल्याला थेट परग्रहावर नेतात. ‘स्टार ट्रेक’मधले ट्रिल लोक त्यातले नावाजलेले: पोटात एक दीर्घायुषी जीव, त्याच्याजवळ आधीच्या सगळ्या यजमानांच्या आठवणी, आणि वरून सदरा मात्र एकच. एवढ्या लांबचं तिकीट काढण्याआधी प्रवाशाने नागपूरच्या गाडीत बसून अकोल्यापुढे मूर्तिजापूरला उतरून पाहावं. माझं म्हणणं असं, की वऱ्हाडात हा प्रकार चमत्कारात मोडत नाही, वहिवाटीत मोडतो. आणि ‘यातला खरा कोण?’ असं कुणी खोदून विचारत नाही, म्हणूनच ती वहिवाट चालते.

मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे अडीच फुटी रुळांवरून ‘शकुंतला’ धावायची. मालकी किलिक निक्सन या विलायती पेढीच्या कंपनीची, गाडी चालवणारी मध्य रेल्वे. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यातूनही ही सुटली. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिने 1994 पर्यंत ओढायला ठेवलं होतं. ही सरकारी की विलायती, याच्याशी फलाटावरच्या माणसाला कर्तव्य नव्हतं. त्याचा सवाल एकच, ‘आली काय बाप्पा?’ आता गाडीच बंद आहे, त्यामुळे तोही मिटला. गाडीचं राहू द्या, अख्खा प्रांतच तसा. 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, पण मालक हैदराबादचा निजामच. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमचा पट्टा लिहून घेतला. 1936 मध्ये निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. म्हणजे राजपुत्र वऱ्हाडचा, राहणार हैदराबादेत, आणि वऱ्हाडात हुकूम तिसऱ्याचाच!

यावर कुणी म्हणेल, हे सगळं कागदोपत्री. मातीला आणि इंजिनाला मन कुठे असतं? आक्षेप रास्त आहे, म्हणून माणसाचाच दाखला देतो. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज 1881 साली जन्मले, तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली, आणि 1915 मध्ये पुण्यात देह ठेवेपर्यंत शंभराहून जास्त ग्रंथ त्यांनी सांगून लिहवले. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवत. बाप 1296 सालचा समाधिस्थ, लेक 1881 ची. वयाचा दाखला कुणी मागितला नाही. शिवाय ते कृष्णाची पत्नी होते, म्हणून कपाळी कुंकू आणि गळ्यात मंगळसूत्र. घरी मनकर्णिका नावाची त्यांची स्वतःची बायको होती, मूलही होतं. हीच लेक, हीच पत्नी डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचा समाचार घ्यायची, आणि एवढ्यांनाही मराठी-संस्कृत पुरेना म्हणून की काय, त्यांनी ‘नावंग’ नावाची नवी भाषा व्याकरणासकट रचली. बिऱ्हाडं वाढली की भांडी वाढतातच.

‘ही तर मधुराभक्ती, तिची रीत जुनी आहे,’ असं जाणकार सांगतील. रीत जुनी खरीच. पण त्या रीतीने फार तर एक गोपी मिळते, तिच्याशेजारी बापासाठी हट्ट धरणारी लेक आणि वेदान्ताची चिरफाड करणारा पंडित मिळत नाही. भूमिकांचं म्हणाल, तर त्या आपण सगळेच करतो, पण आळीपाळीने: कचेरीतला साहेब उंबऱ्याबाहेर ठेवून नवरा आत येतो. महाराजांकडे कुणालाच बाहेर थांबावं लागलं नाही; कुंकू लावलेलं कपाळच सिद्धान्त सांगत होतं. राहता राहिला बहुव्यक्तिमत्त्वाच्या मनोविकाराचा संशय. त्या विकारात एका ‘मी’ने केलेलं दुसऱ्याला बहुधा आठवत नाही. इथे सगळ्यांची वही सामाईक, एकाने सुरू केलेलं वाक्य दुसरीने पुरं करावं अशी. तरीही औषध द्यायचंच ठरलं, तर चिठ्ठी कुणाच्या नावाने फाडायची, हे डॉक्टरांनी मनकर्णिकाबाईंच्या देखत ठरवावं.