व्युत्पत्तीकाका

डोंबिवलीहून महाप्याला निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये एखादे व्युत्पत्तीकाका असतातच. मानपाडा, काटई, पलावा मागे पडेपर्यंत ते गप्प असतात. शीळफाट्याची रांग लागून ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, की काका चष्मा पुसतात आणि शेजाऱ्याच्या गुडघ्यावर तर्जनीने दोनदा टकटक करतात. खिडकीतून उडी मारावी, तर बाहेर कंटेनर अंगाला अंग लावून उभा.

परवा मी फोनवर बायकोला एवढंच म्हणालो, की पोरगं मोबाइलसाठी पिडतंय. गुडघ्यावर टकटक. "पिडतंय! इंग्रजीत 'पेस्टर'. कुठून आला सांगा?"

"पेस्ट म्हणजे प्लेग. त्यावरूनच असेल," मागच्या सीटवरचा पोरगा बोलला. नवा होता बिचारा.

काका खुलले. "सगळे इथेच फसतात! पेस्टशी सोयरीक नंतरची. मूळ फ्रेंच, त्याच्यामागे लॅटिन. चरायला सोडलेल्या जनावराच्या पायात अडकवायची दोरी. आपल्या घोड्यांचा पायबंद हो! सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता अडकवणं, खोळंबा करणं. सतावणं मागाहून."

हे सगळं खरं असतं, हीच तर पंचाईत. काका रात्री कोश बघून येतात. थापा मारत असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

तेवढ्यात रांग हातभर सरकली आणि पुन्हा थांबली. काकांना तेवढं पुरे. "आता 'बॅजर' घ्या. बिळात राहणारा गरीब प्राणी. इंग्रज लोक गंमत म्हणून त्याच्यावर कुत्री सोडायचे. १८३५ साली कायद्याने बंदी आली. पण न्याय बघा, छळ झाला त्याचा आणि छळण्याच्या क्रियापदाला नावही त्याचंच!"

नव्या पोराने कानात इअरफोन घातले. काकांनी त्यातला एक अलगद काढला आणि पुढे चालू.

आमच्या बसमध्ये बुलेट ट्रेनचं कौतुक निघालं, की एकटे काका नाक मुरडतात. बीकेसी ते शीळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ ठाण्याच्या खाडीखालून, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. पण ताशी ३२० किलोमीटरच्या वेगात, ते म्हणतात, एक धातूसुद्धा धड सांगून होणार नाही.