सर रिप्लाय देतात

माझ्या बहिणीचा ओंकार सांगलीला बी.एस्सी.ला आहे, मायक्रोबायॉलॉजी घेऊन. अशी मुलं हल्ली घरोघरी सापडतात. मार्क चांगले, पाठीला सॅक आणि हातात मोबाइल. मेलचं पान अंगठ्यानं खाली ओढायचं, सोडायचं, फिरणारं चक्र थांबेपर्यंत बघत राहायचं. "आलं का रे काही?" विचारलं की ठरलेलं उत्तर: "सर रिप्लाय देतात मावशी. बिझी असतात, पण देतात." कुठले सर, हे विचारू नये. निम्म्या भारतातले प्राध्यापक त्यात येतात.

या मुलांचं पंचांगच वेगळं. फराळाचे डबे रिकामे होईतो तीन विज्ञान अकादम्यांच्या समर फेलोशिपचे अर्ज निघतात. ते भरून होतात न होतात तो टीआयएफआरचे. मधूनच बंद पडलेल्या केव्हीपीवाय शिष्यवृत्तीची आठवण निघते. १९९९ साली सुरू झालेली ही योजना २०२२ मध्ये 'इन्स्पायर'मध्ये मिसळली. पण ओंकार तिच्याबद्दल असं बोलतो, की जणू घराण्याची जहागीरच गेली.

अर्जाला लागतं शिफारसपत्र, म्हणजे यांच्या भाषेत 'एलओआर'. कॉलेजातले सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग रात्री अकराला मला फोन. "मावशी, मी अत्यंत नम्र आहे असं लिहू, की नुसता नम्र पुरे?"

शिवाय सुट्या मेल असतातच. मजकूर एक, फक्त नाव आणि विषय बदलायचा. एकदा विषय बदलायचा राहिला. पुण्यातल्या एका प्राध्यापकांना "झेब्राफिशवरचं आपलं काम वाचून भारावून गेलो" असं गेलं. तासाभरात उत्तर: आमच्याकडे मासे नाहीत, माश्या आहेत, चालत असेल तर मेमध्ये या. ओंकारनं आम्हाला विजयी मुद्रेनं सांगितलं, "बघा, सर रिप्लाय देतात."

दोन महिने मुक्काम आमच्याकडे, कोथरूडला. पाषाणच्या लॅबमध्ये तो कॅन्सरचं औषध शोधणार अशी त्याच्या आईची समजूत होती, आणि थोडीशी त्याचीही. पहिला आठवडा पिपेटच्या टिपा डब्यात भरण्यात गेला. निळ्या मोठ्या, पिवळ्या मधल्या, एकेक उचलून खाचेत उभी करायची, मग ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर वाफवायची. दुसऱ्या आठवड्यात बढती मिळाली: माश्यांचा स्वयंपाक. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर, गुठळी न होऊ देता ढवळायचं. घरात ज्याला चहा उतू जाताना दिसत नाही, तो तिथे ग्रॅममध्ये मोजून ढवळत होता. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे पिठलंच की," त्या म्हणाल्या. "घरात चिलटं नकोत म्हणून आम्ही आयुष्य घालवलं, आणि हा त्यांना जेवू घालतो!"

त्यावर त्याचं व्याख्यान सुरू. माणसाच्या रोगांशी जोडलेल्या जनुकांपैकी सुमारे पाऊण हिश्शाची जोडीदार जनुकं या फळमाशीत सापडतात. जनुकशास्त्रज्ञ मॉर्गनला १९३३ साली नोबेल मिळालं ते हिच्याच जिवावर. ओबेद सिद्दिकींनी मुंबईत टीआयएफआरमध्ये रेण्वीय जीवशास्त्राची लॅब उभारली, तिथेही पुढे हीच आली. व्याख्यान चालू असताना टोपलीतल्या केळ्यावर एक चिलट बसलं. ओंकार वाकला, चष्मा कपाळावर चढवला, म्हणाला, "नर आहे. पोटाचं टोक काळं दिसतंय." आमच्या घरात केळं खाण्याआधी आता लिंगनिदान होतं.

खरी पंचाईत फोनवर व्हायची. सासूबाई वाती वळत बसलेल्या, आणि हा मोठ्यानं, "हो हो, उद्या सातला पोचतो. व्हर्जिन्स गोळा करायच्यात!" मला धावत जाऊन खुलासा करावा लागला. कोशातून नुकतीच बाहेर आलेली मादी पहिले आठेक तास नराला जवळ करत नाही. तेवढ्यात तिला वेगळी काढली नाही तर प्रयोग वाया. सासूबाईंनी वात पूर्ण केली. "माशीला कळतं," म्हणाल्या, आणि पुढची वळायला घेतली.

मिरजेचा त्याचा चुलतभाऊ एमबीबीएसला. तोही त्याच सुट्टीत आयसीएमआरच्या एसटीएस या विद्यार्थी-संशोधन योजनेतला प्रोजेक्ट करत होता. ही योजना १९७९ पासूनची, दोनच महिन्यांची. लग्नाकार्यात लोक त्याला आत्तापासून डॉक्टर म्हणतात. ओंकारही पुढे डॉक्टरच होणार, पण तापावर उपयोग नाही, असं त्याचे वडीलच सांगतात. त्यांनी एकदा फोनवर सरळ विचारलं, "पीएचडीला किती वर्षं?"
"पाच. म्हणजे सहा धरा."
"आणि पैसे?"
"नेट-जेआरएफ निघालं तर सदतीस हजार महिना. वर घरभाडं."
पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "वेळेवर येतात का?"
"येतात बाबा," ओंकार म्हणाला. आवाज अगदी सर रिप्लाय देतात म्हणतानाचाच.

प्रयोगाचं म्हणाल तर त्याचा पीसीआर जूनअखेरपर्यंत लागला नाही. रोज रात्री "बँड आला नाही" असं जाहीर करून तो दुप्पट जेवायचा. शेवटच्या आठवड्यात एक फिकट रेघ उमटली. तिचा फोटो घरच्या ग्रुपवर पडला. आत्यांनी नमस्काराचे हात पाठवले, एका काकांनी "अभिनंदन, मुलगा की मुलगी?" विचारलं.

आता तो सांगलीत ज्युनिअर मुलांचा सल्लागार आहे. परवा माझ्यासमोरच कुणाला तरी फोनवर बजावत होता. "मेल पाठवण्याआधी विषय दोनदा वाच. आणि टिपा भरशील का विचारलं ना, तर लगेच हो म्हण. तिथे उभं राहिलं की सगळ्यांची भांडणं ऐकू येतात. अर्धी बायॉलॉजी तिथेच कळते."