गाळणीबहाद्दर

घरात माशांची टाकी असली की पाहुण्यांना मासे दाखवायची पद्धत आहे. गाळणीबहाद्दर पाहुण्यांना खाली वाकायला लावतो. वर दोन क्लाऊनफिश मजेत हिंडत असतात, पोरं ‘निमो, निमो’ करत काचेला नाकं चिकटवतात, आणि हा गृहस्थ पोरांच्या बापाला दंडाला धरून टाकीखालचं कपाट उघडतो, मोबाइलची बॅटरी मारतो, म्हणतो, “हे बघा.”

आत दुसरी टाकी. तिच्यात पंप, नळ्या, पांढऱ्या पिशव्या आणि एक उभं नळकांडं, ज्याच्या डोक्यावरच्या कपात काळपट हिरवं, वास मारणारं पाणी साठलेलं. “स्किमर. कालपासून एवढं काढलंय!” नातीला स्कॉलरशिप मिळाल्याचं सांगताना आजोबांचा आवाज जसा होतो, तसाच याचा होतो. पाहुणा नाकाला रुमाल लावतो. ती दाद समजून तो पुढे सरकतो. पाण्यात बारीक बुडबुडे सोडायचे, माशांच्या घाणीतले नि उरलेल्या अन्नातले पदार्थ त्या बुडबुड्यांना चिकटतात, फेस होऊन वर चढतात, कपात पडतात. म्हणजे घाण कुजायच्या आधीच बाहेर. हे फक्त खाऱ्या पाण्यात नीट साधतं, गोड्या पाण्यात फेस धरत नाही. गोल्डफिश पाळणाऱ्या शेजाऱ्याविषयी त्याला जी दया वाटते तिचं मूळ इथे आहे.

हा माणूस बहुधा दादर-माहीमच्या बाजूला राहतो, वन बीएचकेत. लहानपणी वडिलांचं बोट धरून तारापोरवाला मत्स्यालय पाहिलेलं. ते १९५१ साली उघडलं आणि मुंबईतल्या कित्येक बापांना रविवारी पोरांना कुठे न्यायचं याचं उत्तर मिळालं. तेव्हाची हौस पन्नाशीत, कर्ज फिटल्यावर, उसळून वर येते. मग गाळणी कुठली घ्यायची यावर घरात अधिवेशन भरतं. टाकीच्या मागे टांगायची स्वस्त असते, पण तिच्यात मोठा स्किमर मावत नाही. डबाबंद कॅनिस्टर दिसायला सुटसुटीत, पण नियमाने उघडून धुतला नाही तर आत साठलेली घाण कुजत राहते नि नायट्रेट चढत जातं. राहता राहिला संप, म्हणजे खालची ती दुसरी टाकी. त्या कपाटात आधी प्रेशर कुकर, चकलीचा सोऱ्या आणि दिवाळीचे डबे होते. ते आता पलंगाखाली राहतात.

संपात थोडी जागा रिकामी ठेवायची असते, कारण वीज गेली की नळ्यांतलं पाणी उलटं खाली येतं. हे शास्त्र त्याला खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने शिकवलं, रात्री अकरा वाजता, बनियनवर वर येऊन.

इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांच्यावर त्याची अपार श्रद्धा. या गृहस्थांनी १९६१ च्या सुमारास लिहून दाखवून दिलं, की समुद्रातले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर खाऱ्या पाण्याची टाकी चालते, कारण खडकाच्या छिद्रांत बसलेले जिवाणूच खरी गाळणी असतात. ही साधेपणाची कथा तो सांगतो तेव्हा मागे तीन पंप घरघरत असतात. पण ते खडक प्रवाळाचे, आणि आपल्याकडे प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण, त्यामुळे याने कोरडे कृत्रिम दगड आणले आणि जिवाणू घरीच वाढवायला घेतले.

त्या दिवसांची आठवण घरात अजून कोणी काढत नाही. जिवाणूंना अमोनिया लागतो, अमोनियासाठी काहीतरी कुजावं लागतं. म्हणून त्याने स्वयंपाकघरातून मोठ्या कोळंब्या उचलल्या आणि टाकीत सोडल्या.

“अहो, त्या भातासाठी आणल्या होत्या!”

“दोनच घेतल्यात.”

“मोठ्या दोन घेतल्यात!”

अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट व्हायचं, आणि पहिली दोन शून्यावर आल्याशिवाय मासा आणायचा नाही. याला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ दिवाणखान्यात दगड, पाणी आणि सडकी कोळंबी. दारावर येणारी कोळीण टोपली उतरवून आत डोकावली. “येवरं पानी, आन् म्हावरं कुठंय दादा?” “मावशी, सध्या बॅक्टेरिया पाळलेत.” तिने वहिनींकडे पाहिलं, आणि त्या दिवशी न मागता वाटा जरा मोठा घातला.

पुढचा व्याप रोजचा. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, तीही आरओ-डीआय नावाच्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून काढलेल्या. त्या यंत्रातून फेकलं जाणारं पाणी शुद्ध पाण्याच्या कितीतरी पट. वहिनी त्यात फरशी पुसतात, कपडे भिजवतात, तरी उरतंच. गाळणीच्या पांढऱ्या पिशव्या तीन-चार दिवसांनी बदलायच्या. त्या धुतात घरच्याच वॉशिंग मशीनमध्ये, साबण न घालता, घरात कोणी नसताना. एकदा कामाच्या बाईने मायेपोटी जिवाणू वाढवायला ठेवलेले चिनी मातीचे तुकडे नळाखाली घासून लख्ख केले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आठवडाभर घरात सुतक.

दर रविवारी दोनशे लिटरमधलं वीस लिटर पाणी काढायचं आणि नवं घालायचं. त्यासाठी परदेशी पिशवीतलं सुमारे सातशे ग्रॅम मीठ, घनता १.०२५. खिडकीतून अरबी समुद्र दिसतो. तो फुकट का नाही घेत, असं मेहुण्याने विचारलं होतं. त्यावर पाऊण तास उत्तर मिळालं. किनाऱ्याला नाल्यांचं पाणी येतं, पावसाळ्यात खारटपणा उतरतो, फॉस्फेट तर विचारूच नका. मुद्दे सगळे खरे होते, ही त्यातली वाईट गोष्ट. आता चौपाटीवर फिरायला गेला तरी तो सूर्यास्ताकडे पाहत नाही. लाटेच्या कडेचा पिवळट फेस निरखतो नि पुटपुटतो, “कपच नाही ना खाली ठेवलेला.”

माशांना खाणं घालायचं काम वहिनींकडे. त्यांनी दोघांची नावं ठेवलीत, कोण रुसलंय हे त्यांना लांबून कळतं. परवा त्यांनी एक निळा मासा आणूया म्हटलं. त्याने वही काढली, नायट्रेटचा आलेख दाखवला. “एक मासा वाढला की स्किमरवर ताण. खरं सांगू? हे दोघंसुद्धा नसते ना, तर आकडा केव्हाच पाचाच्या खाली आला असता.”

वहिनींनी डबी उघडली आणि रोजच्यापेक्षा मोठी चिमूट पाण्यात सोडली.